हाचिओजीच्या डोंगरावर किल्ला का दिसला नाही?

प्रश्न असा आला आहे: "दीड वर्षापासून नोकरीनिमित्त टोकियोत आहे. सह्याद्रीत बरीच भटकंती झाली आहे, म्हणून गेल्या रविवारी हौसेने हाचिओजीचा किल्ला बघायला गेलो. पाऊण तास चढून वर पोचलो तर एक छोटं देऊळ, उंच झाडं आणि पाचोळा. देवळापाशीच डबा खाल्ला आणि परत फिरलो. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. जपानच्या नामांकित शंभर किल्ल्यांत याला कशासाठी धरतात? आणि असे रानात गडप झालेले डोंगरी किल्ले बघायचे तरी कसे?"

तुम्ही किल्ल्यावरूनच चालत वर गेलात. वाटेत त्याच्या कितीतरी सपाट्या तुम्ही ओलांडल्या, त्याच्या दरवाजाच्या जागेतून आत शिरलात, आणि ज्या देवळापाशी बसून डबा खाल्लात ती जागा म्हणजे बालेकिल्ल्याचाच भाग. माझंही पहिली दोन वर्षं असंच झालं होतं. राजगड-तोरण्यावर तयार झालेली नजर दगड शोधते. इथे बघायची असते ती माती. ती कुठे कापली, कुठे भरली, कुठे तासली, एवढं दिसायला लागलं की हाच डोंगर तुम्हाला एका रविवारी पुरणार नाही.

आधी थोडं मागचं. 'जपानी किल्ला' म्हटलं की हिमेजीची पांढरी, मजल्यामजल्यांची इमारत डोळ्यांपुढे येते. हिमेजीची आजची मुख्य इमारत १६०९ची. उंच दगडी जोती आणि त्यावर टोलेजंग मनोरा हा प्रकार रुळला तो ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने १५७६ साली आझुची बांधायला घेतला त्यानंतर. त्याआधीची शंभरएक वर्षं देशभर लढाया चालल्या त्या बहुतेक मातीच्या किल्ल्यांवर. डोंगरावरच्या अशा किल्ल्याला 'यामाजिरो' म्हणतात. लहानमोठे सगळे धरले तर जपानात तीस-चाळीस हजार किल्ले होऊन गेले असं तिथले अभ्यासक मानतात, आणि त्यातले बहुसंख्य असेच, लाकडी कुंपणं, मातीचे बांध आणि खणलेले चर असलेले. 'शिरो', म्हणजे किल्ला, हा शब्द ज्या चिन्हाने लिहितात त्याचा डावा भाग 'माती' आणि उजवा भाग 'होणे'. किल्ले बघणारे जपानी लोक नवख्याला पहिल्याच दिवशी हे चिन्ह मातीत काठीने काढून दाखवतात. मलाही असंच दाखवलं होतं.

लाकूड कुजलं, जळलं. माती मात्र जिथे टाकली तिथेच राहिली. शांततेच्या काळात हे किल्ले ओस पडले, १६१५च्या 'एका प्रांतात एकच किल्ला' या फर्मानानंतर उरलेसुरलेही मोडले गेले, आणि वर रान माजलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या झाडांनी भरून टाकले. तुम्हाला किल्ल्यावर जी सरळसोट, एकसारखी झाडं दिसतात ती बहुतेक या लागवडीतली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी तो डोंगर असा मुळीच नव्हता. किल्ला नांदता असताना आजूबाजूची झाडं तोडून उतार उघडे ठेवलेले असत, एक तर शत्रू दिसावा म्हणून, आणि बांधकामाला लाकूड लागे म्हणूनही. हे डोक्यात पक्कं असू द्या. मनातल्या मनात झाडं काढून टाकता आली की अर्धं काम झालं.

आता हाचिओजी. ओदावाराच्या होजो घराण्यातला होजो उजितेरू आधी जवळच्याच ताकियामा किल्ल्यावर राहायचा. १५६९मध्ये ताकेदा शिंगेन या प्रतिस्पर्धी सरदाराने ताकियामावर हल्ला केला, तेव्हा तो कसाबसा टिकला. पुढे १५८०च्या दशकात उजितेरू या साडेचारशेएक मीटर उंचीच्या डोंगरावर आला. डोंगरावर हाचिओजी गोंगेन हे दैवत आधीपासून होतं, त्यावरून किल्ल्याला नाव पडलं आणि किल्ल्यावरून पुढे शहराला. हाचिओजी म्हणजे आठ राजपुत्र. हे आठ जण गोझु तेन्नो या बैलाच्या मुखाच्या देवाचे मुलगे, आणि हा गोझु तेन्नो जपानात 'गिओन शोजा'चा, म्हणजे श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक मानला जायचा. बुद्धाच्या जेतवनाचा धागा टोकियोच्या एका उपनगराच्या नावापर्यंत येऊन पोचला आहे. वर जे छोटं देऊळ पाहून तुमची निराशा झाली ते याच आठ राजपुत्रांचं.

१५९०मध्ये, सगळा जपान एका सत्तेखाली आणायला निघालेल्या तोयोतोमी हिदेयोशीने होजोंवर मोहीम काढली. स्वतः ओदावाराला, होजोंच्या मुख्य किल्ल्याला, वेढा घालून बसला आणि उत्तरेकडून मायेदा तोशिइए, उएसुगी कागेकात्सु यांच्या फौजा एकेक किल्ला घेत खाली उतरल्या. उजितेरू मुख्य सैन्य घेऊन ओदावाराला गेला होता. हाचिओजीवर मागे राहिलेले सरदार, आसपासच्या गावांतले शेतकरी, कारागीर, भिक्षू, बायका-मुलं. जपानी पंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, आपल्या हिशेबाने २४ जुलैला, पहाटेच्या अंधारात हल्ला झाला आणि एका दिवसात किल्ला पडला. बारा दिवसांत ओदावाराही शरण गेलं. उजितेरू आणि त्याचा थोरला भाऊ उजिमासा यांना पोट चिरून मरण पत्करावं लागलं.

त्यानंतर इथे कोणीच राहिलं नाही. होजोंनंतर इथे आलेल्या तोकुगाव घराण्याने गाव दुसरीकडे, आजच्या हाचिओजीच्या जागी वसवलं. डोंगर आधी शोगुनांच्या आणि मग सरकारी जंगलात गेला. १९५१मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाला. थोडक्यात, काही वर्षं वापरला गेला, एका दिवसात पडला आणि मग झाकून ठेवल्यासारखा राहिला. त्यावर नंतरच्या कोणाची डागडुजी नाही, नवा तट नाही. अभ्यासाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. शंभरांत का धरतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता पुन्हा जा, आणि या वेळी हळू जा. ताकाओ स्टेशनवरून बस मिळते. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत येते, इतर दिवशी रेइएन-माए थांब्यावर उतरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. पायथ्याला माहिती केंद्र आहे. तिथला नकाशा घ्या, आणि स्वयंसेवक मार्गदर्शक असतील तर त्यांच्याशी जरूर बोला. ही निवृत्त मंडळी डोंगराचा कोपरा न कोपरा ओळखतात.

तोरी, म्हणजे देवळाची कमान, ओलांडून चढ लागला की पहिली गोष्ट शोधायची ती सपाटी. डोंगराची सोंड निसर्गतः उतरत जाते, तिला पायऱ्या नसतात. ती मध्येच एखाद्या ओट्यासारखी सपाट झाली आणि पुढच्या कडेला एकदम तुटली, तर ती माणसाने केलेली. याला 'कुरुवा' म्हणतात. आपल्या भाषेत छोटी माची म्हणा. सोंडेचा वरचा भाग खणायचा, ती माती पुढे टाकायची, की सपाटी तयार. हाचिओजीच्या चढावर कानेको कुरुवा नावाची जागा आहे, पाटी लावलेली आहे. तिथे थांबा आणि पाटीकडे पाठ करून खाली बघा. एकाखाली एक उतरत गेलेले ओटे दिसतील. गेल्या वेळी तुम्ही ते चढून आलात, पण पायवाट त्यांच्या कडेकडेने गेल्यामुळे लक्षात आले नसतील.

दुसरी गोष्ट त्या सपाटीची कड. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण यामाजिरोचा जीव या कडेत असतो. सपाटीखालचा उतार मुद्दाम तासून उभा केलेला असतो. याला 'किरिगिशी'. गडाचे कडे तासणं आपल्याकडेही होतंच, फक्त इथे कातळाऐवजी माती आणि मुरूम. हे काम दिसायला इतकं साधं की दहातले नऊ जण तिकडे बघतही नाहीत, चर आणि खंदकांचे फोटो काढत बसतात. ज्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी पहिली काही वर्षं हिंडलो, त्यांनी मला हे एका दुपारी शिकवलं. एका किल्ल्यावर, मी कुरुवाच्या मधोमध उभा राहून "इथे तर काहीच नाही" म्हणालो. त्यांनी मला कडेवरून खाली उतरायला लावलं, चारपाच मीटरच असेल, आणि वरून म्हणाले, "आता या वर." सुगीचा वाळलेला पाला पायाखालून सरकत होता, हाताला धरायला मुळं येत होती ती आजच्या झाडांची. दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा अर्ध्यावर पोचलो तर ते माझ्या डोक्यावर हातातली काठी धरून शांतपणे उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मी तिथे जितका वेळ अडकून पडलो होतो, तितक्या वेळात भाल्याचे चारपाच वार झाले असते. त्या दिवसापासून मी कोणताही किल्ला आधी खालून बघतो.

(राष्ट्रीय स्थळांवर तुम्ही हा प्रयोग करू नका. तासलेल्या कडा आधीच पावसाने ढासळतायत, त्यात आपले बूट नकोत. वाटेवर उभं राहून नजरेने चढा, तेवढं पुरतं.)

तिसरी गोष्ट 'होरिकिरी'. सोंडेवरून चालताना वाट एकदम खाली जाऊन पुन्हा वर चढली, तर ती खिंड निसर्गाची आहे की खणलेली, हे विचारायचं. निसर्गाची खिंड रुंद, गोलसर असते, दोन्ही बाजूंनी ओढे तिच्याकडे चढत आलेले असतात. खणलेली असेल तर ती सोंडेला आडवी, सुरीने काप घातल्यासारखी असते, आणि तिची दोन्ही टोकं डोंगराच्या उतारावर उभ्या चरासारखी खाली उतरतात. त्या उभ्या चराला 'तातेबोरी' म्हणतात. सोंड तोडली तरी शत्रू बाजूच्या उतारावरून आडवा सरकून पुढे येऊ शकतो, ते थांबवायला हा उभा चर. फुकुईतल्या इचिजोदानीच्या डोंगरावर असे उभे चर एकाला एक लागून शंभराहून जास्त आहेत, नांगरलेल्या शेतासारखे. हाचिओजीला तसं नाही, इथली होरिकिरी मोजकी, पण एक आहे ती अशी की तिच्यासाठीच तुम्ही परत जायला हवं.

बहुतेक लोक देवळापासून परततात. तुम्हीही तेच केलंत. देवळाच्या वर चार पावलांवर होनमारू, म्हणजे मुख्य सपाटी. ती इतकी लहान आहे की तिथे मोठा वाडा असणं शक्यच नव्हतं. तिथून खाली येऊन मागच्या बाजूला निघा. वाटेत एक जुनी विहीर लागते, डोंगरमाथ्याजवळ असूनही तिला पाणी आहे. टाकं पाहिल्याशिवाय गड पाहिल्यासारखं न वाटणाऱ्या आपल्या लोकांना इथे बरं वाटतं. वाट पुढे झाडीत शिरते, एक होरिकिरी ओलांडते. तिला 'कोमाहियाशिबा', घोडे गार करायची जागा म्हणतात. आणि मग चढून त्सुमे-नो-शिरो, शेवटच्या आसऱ्याची जागा लागते. तिथे जोत्याचे दगड विखुरले आहेत. तिच्या पलीकडे उतरलात की मोठी होरिकिरी.

मी तिथे बहुतेक वेळा जानेवारीतच गेलो आहे. सकाळी नऊच्या सुमाराला. टोकियोभोवतीच्या कांतो भागातली माती ज्वालामुखीच्या राखेची, भुसभुशीत. रात्री थंडीने तिच्यातलं पाणी गोठून बोटभर उंचीचे बर्फाचे खांब उभे राहतात आणि पाऊल पडलं की काचेसारखे करकरतात. त्या आवाजाची सवय झालेली असताना खंदकाच्या तळाशी उतरलं की एकदम शांत. वारा वरून जातो, खाली लागत नाही. दोन्ही बाजूंना भिंती, आणि या भिंती नुसत्या मातीच्या नाहीत, डोंगराचा खडक फोडून केलेल्या आहेत. वर बघितलं की आकाशाची अरुंद पट्टी. सुरुंग नाहीत, छिन्नी, पहारी आणि टोपल्या. हे किती जणांनी, किती दिवसांत केलं असेल याचा अंदाज करत मी तिथे दरवेळी थोडा वेळ बसतो. आणि एवढं करूनही इकडून कोणी आलं नसेल तर? किल्ल्याची ही मागची बाजू. ज्या भीतीने हा खंदक खणला ती भीती अजून तिथे आहे असं मला वाटतं. तट-बुरूज पाहूनही मला असं क्वचित वाटलं आहे.

चौथी गोष्ट 'कोगुची', आत शिरायची जागा. मातीच्या किल्ल्यात दरवाजाची चौकट उरत नाही, वाटेचं वळण उरतं. वाट कारण नसताना काटकोनात वळली, किंवा दोन बांधांच्या मधून चिंचोळी झाली, तर तिथे थांबून डावी-उजवीकडे वर बघा. तुमच्या डोक्यावर सपाटी असणारच. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो, त्यामागे जो विचार आहे तोच इथे, फक्त मातीत. हाचिओजीचं कोगुची बघायला मात्र डोंगरावर जायची गरज नाही.

ते आहे खाली, ओढ्याच्या काठी. गेल्या वेळी तुम्ही सरळ तोरीकडून वर गेलात, त्यामुळे उजितेरूचा वाडा, 'गोश्युदेन', राहूनच गेला. माझ्या मते किल्ल्याचा निम्मा आनंद तिथे आहे. ओढ्यापलीकडून जुनी मुख्य वाट येते, एका लाकडी पुलावरून ओढा ओलांडते आणि मग रुंद दगडी पायऱ्या वळत वळत वर जातात. पूल १९९०च्या सुमाराचा, नवा. उत्खननात पुलाच्या दोन्ही टोकांचे दगडी आधार तेवढे मिळाले, वरचा आकार कल्पनेने केलेला आहे. पायऱ्या आणि बाजूच्या भिंती दुरुस्त करून उभ्या केल्या, पण त्यात सापडलेले मूळ दगड शक्य तिथे वापरले आहेत. त्या पायऱ्या चढून बघा. एकेक पायरी इतकी उंच आणि खोल आहे की चालण्याची लय मोडते, मान खाली जाते. हातात भाला घेऊन वर धावायचं असतं तर काय झालं असतं, ते पायांना कळतं. पूर्वेकडच्या या प्रदेशात त्या काळी दगडी भिंतींची पद्धत नव्हती म्हणावी इतकी कमी, म्हणून या भिंतींचं महत्त्व मोठं. तुम्ही दगड शोधत होतात ना, तो इथे होता.

वाड्याच्या जागेवर उत्खननात सत्तर हजारांच्या आसपास वस्तू आणि तुकडे मिळाले. चीनच्या मिंग काळातली निळी-पांढरी भांडी, आणि त्यात व्हेनिसमध्ये घडवलेल्या, पांढऱ्या धाग्यांची नक्षी असलेल्या काचपात्राचे तुकडे. व्हेनिसची काच समुद्रमार्गे पूर्वेला येऊन जपानच्या या डोंगराच्या कुशीत पोचली होती आणि १५९०च्या त्या सकाळी फुटली. मी तुकडे पाहिले तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही.

वाड्याजवळच ओढ्याला छोटा धबधबा आहे. किल्ला पडला तेव्हा वाड्यातल्या बायका आणि सरदारांनी इथे जीव दिला आणि तीन दिवस, तीन रात्री ओढ्याचं पाणी लाल वाहत होतं अशी आख्यायिका आहे. तिथे स्मारकशिळा आहे. खालच्या गावांत त्या दिवसाच्या आठवणीत लाल भात शिजवायची रीत होती असं सांगतात. काही तरुण मुलं भुताखेतांच्या गप्पा ऐकून रात्री इथे येतात, आरडाओरडा करतात, त्याचे व्हिडिओ टाकतात. मला त्याचा मनापासून राग येतो. ती माणसं खरी होती, त्यातली कितीतरी हत्यार कधी हातात न धरलेली होती. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, हात जोडावेसे वाटले तर जोडायचे आणि निघायचं.

आता नकाशा. हा शिकलात तर पाटी नसलेले किल्लेही बघता येतील. यामाजिरोचा आराखडा ज्या नकाशात काढतात त्याला 'नावाबारी-झु' म्हणतात. नावाबारी म्हणजे दोरी ताणणं. किल्ला आखताना जमिनीवर दोऱ्या ताणत, त्यावरून. हा नकाशा समोच्च रेषांचा नसतो. त्यात उतार दाखवायला केसांसारख्या बारीक रेघा मारलेल्या असतात. रेघेचं वरचं टोक ठळक आणि शेपूट उताराच्या दिशेने. एवढं कळलं की कोरी दिसणारी जागा म्हणजे सपाटी, दोन्हीकडून रेघा समोरासमोर येतात ती जागा म्हणजे चर, आणि पाठीला पाठ लावून जातात तो बांध. हे नकाशे अभ्यासक झाडीत हिंडून, पावलं मोजून आणि फीत लावून काढतात. मी एका हिवाळ्यात एक लहानसा किल्ला असा काढून पाहिला. चार रविवार गेले, नकाशा ओबडधोबडच झाला, पण त्या चार रविवारांनी जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी नाही.

घरी बसून तयारी करायची असेल तर विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीचे नकाशे बघा. त्यात झाडं काढून टाकून नुसती जमीन दिसते. २००२मध्ये जपानात तयार झालेला 'लाल त्रिमितीय नकाशा' हा प्रकार त्यासाठी अप्रतिम आहे. उतार जितका खडा तितका लाल गडद, सोंडा उजळ आणि घळी काळसर. सोंडेवर एकामागून एक उजळ ठिपक्यांसारख्या सपाट्या आणि त्यांच्यामध्ये काळे काप दिसले की समजायचं. जपान सरकारच्या भूगोल खात्याच्या नकाशावरही उंचसखलपणाच्या छटा फुकट बघता येतात.

फसायला होतं ते तीन गोष्टींत. कोळसा भाजायच्या जुन्या भट्ट्या. गोल खड्डा, कडेला भाजलेले दगड, तळाशी काळी माती. डोंगरात त्या जागोजाग आहेत आणि नवख्याला विहीर वाटतात. दुसरी जुनी शेतं. हाचिओजी हा रेशमाचा मुलूख, तुतीसाठी उतार बांधलेले असत. शेताच्या पायऱ्या उताराला धरून लांबवर पसरतात, कुरुवा सोंडेला धरून राहते आणि तिचं तोंड कोणावर तरी रोखलेलं असतं. तिसरी, लाकूड ओढायच्या वाटा, ज्या वर्षानुवर्षं झिजून चरासारख्या होतात.

सुरक्षेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण सह्याद्रीतला सराव इथे उलट अंगाशी येऊ शकतो. आपण वाट चुकलो तर ओढा धरून गाव गाठतो. जपानी डोंगरात घळ धरून उतरायचं नाही, खाली दहावीस मीटरचे कडे आणि धबधबे असतात. चुकलात तर वर चढून सोंड गाठायची. मी हे पंधरा वर्षांपूर्वी शिकलो. एका ओळखीच्या किल्ल्यावर एका सुंदर तातेबोरीचा शेवट बघायचा म्हणून तिच्यातून उतरत गेलो. पाचोळ्याखाली खड्डा होता, घोटा मुरगळला, फोनला रेंज नाही. डिसेंबरात टोकियोकडे साडेचारला सूर्य मावळतो, आणि झाडीत त्याच्या तासभर आधी अंधारतं. बसत, सरपटत सोंडेवर परत यायला तीन तास लागले. बॅटरी होती आणि दुपारचे दोनच वाजले होते, म्हणून निभावलं. तेव्हापासून एक नंतर मी नवी जागा बघायला उतरत नाही, आणि पाचोळ्यात पाऊल टाकायच्या आधी काठी टाकतो. घरी कोणाला तरी मार्ग सांगून जा. मदतीसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

हंगाम हिवाळा. पाने झडतात, आकार दिसतात, आणि ऊन तिरकं पडून चरांत सावल्या भरते, त्यामुळे सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी दोनच्या सुमाराला जे दिसतं ते भर दुपारी दिसत नाही. पण नोव्हेंबर १५ ते फेब्रुवारी १५ होन्शूमध्ये, म्हणजे टोकियो ज्यावर आहे त्या मुख्य बेटावर, शिकारीचाही हंगाम असतो. नारिंगी किंवा झगझगीत रंगाचा कपडा घाला, वाटेपासून दूर झाडीत शिरू नका, रानडुकरांच्या सापळ्यांच्या पाट्या वाचता येत नसतील तर त्यांचा फोटो आधी बघून ठेवा. फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमाराला सुगीचा पराग सुरू होतो. नाक-डोळ्यांचा त्रास असेल तर एप्रिल संपेपर्यंत हे किल्ले विसरा, तुम्ही सुगीच्याच रानात उभे असता. उन्हाळ्यात गवत कमरेएवढं, त्यात गोचीड आणि मामुशी नावाचे विषारी साप, दमट डोंगरांत जळवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गांधीलमाश्या सगळ्यात चवताळलेल्या असतात. दरवर्षी माणसं मरतात त्यांच्या दंशाने. काळे कपडे आणि अत्तर टाळा. अस्वलं टोकियोच्या पश्चिम डोंगरांतही आहेत, पिशवीला घंटी बांधा आणि एकटे असाल तर बोलत चाला. गोचिडाच्या चाव्यातून होणारा एक गंभीर ताप जपानात २०१३ पासून नोंदवला गेला आहे, म्हणून घरी आल्यावर कपडे बाहेर झटका आणि अंग नीट तपासा.

आणि काही उचलू नका. पावसानंतर भांड्याची खापरं वर येतात, निळ्या रंगाचा तुकडा चमकतो, हात जातो. तो तुकडा कुठे पडला होता यालाच किंमत असते, खिशात गेला की तो नुसती खापरी. कायद्यानेही मनाई आहे. बरेचसे छोटे किल्ले खासगी जमिनीत आहेत. वाटेत कोणी भेटलं तर थांबून "किल्ला बघायला आलो आहे" एवढं सांगा. मला आजवर यावर कोणी हाकलून लावलेलं नाही. उलट एका आजीबाईंनी वाळवलेल्या पर्सिमॉनची माळ हातात ठेवली होती.

पुढे कुठे जायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. हाचिओजी पुन्हा करण्याआधी दोन किल्ले बघून या, नजर तयार होईल. एक ताकियामा, त्याच हाचिओजी शहरात, उजितेरूचा आधीचा. तिथले मातीचे खंदक इतके मोठे आणि झाडोरा इतका काढलेला आहे की पहिल्याच पावलाला कळतं. दुसरा साइतामामधला सुगियामा, मुसाशी-रानझान स्टेशनवरून चालत जाण्याजोगा. छोटा आहे, चढ नाही म्हणावा असा, पण कोगुचीवर बाजूने मारा कसा होतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. वाटेच्या प्रत्येक वळणावर उभं राहून वर बघितलं की बांधाचा एक कोपरा तुमच्याकडे तोंड करून उभा असतोच. एखादी लांबची सुटी मिळाली तर मिशिमाजवळचं यामानाका. तोही होजोंचाच, आणि त्याच १५९०च्या मोहिमेत अर्ध्या दिवसात पडलेला. तिथल्या खंदकांच्या तळाशी मातीचे आडवे-उभे बांध ठेवून चौकोनी खाचे केले आहेत, शोजी या कागदी सरकत्या दारांच्या चौकटींसारखे. आता धूप होऊ नये म्हणून त्यावर गवत राखलं आहे. तेव्हा ती उघडी, निसरडी, राखेची माती होती. आत पडलेला माणूस एका खाच्यातून निघाला की दुसऱ्यात पडायचा.

हे दोन-तीन बघून झाले की जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या सकाळी हाचिओजीला परत जा. आधी खाली गोश्युदेन, मग वर. देवळापाशी थांबा, तिथून पूर्वेला कांतोचं मैदान आणि स्वच्छ दिवशी टोकियोतल्या शिंजुकूच्या उंच इमारती दिसतात. पण डबा तिथे उघडू नका. तो मागच्या मोठ्या होरिकिरीपर्यंत न्या.